एरिक फ्रेन्त्सेल: सलग पाच वर्षे अव्वल, तरी ओळख अर्धीच का?

हिमवाट (केमनिट्स)

नॉर्डिक कम्बाइंड हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल आणि ज्यांनी पाहिला असेल त्यांनीही बहुधा अर्धाच पाहिला असेल. आधी बर्फाच्या टेकडीवरून एक उडी आणि काही तासांनी १० किलोमीटरची स्की-शर्यत, अशी त्याची आजची मांडणी आहे. उडीचा शौकीन उडी संपली की टीव्हीसमोरून उठतो आणि शर्यतीचा शौकीन शर्यत सुरू व्हायच्या वेळी येऊन बसतो. दोन्ही भाग सलग पाहणारे प्रेक्षक जर्मनीतसुद्धा मोजकेच, असे मला गेली काही वर्षे सॅक्सनीत राहून वाटू लागले आहे. हा धागा एरिक फ्रेन्त्सेल या खेळाडूविषयी आहे. पण त्याच्या लोकप्रियतेबद्दल बोलायचे तर त्याच्या खेळाबद्दल बोलणे ओघाने आलेच.

फ्रेन्त्सेलचा जन्म २१ नोव्हेंबर १९८८ रोजी आनाबेर्ग-बुखहोल्त्स या गावी झाला, म्हणजे बर्लिनची भिंत पडण्याच्या जवळपास एक वर्ष आधी, पूर्व जर्मनीत. हा एर्त्सगेबिर्गेचा, म्हणजे जुन्या खाणींचा डोंगराळ मुलूख. तिथून जवळच फिख्टेलबेर्गच्या पायथ्याशी ओबरव्हीझेनटाल आहे आणि स्कीपटू घडवण्याची त्या गावाची परंपरा पूर्व जर्मनीच्या काळापासूनची आहे. १९७२, १९७६ आणि १९८० अशा तीन ऑलिंपिकमध्ये या खेळाचे वैयक्तिक सुवर्ण लागोपाठ जिंकणारा उलरिश वेलिंग याच गावच्या क्लबचा होता. फ्रेन्त्सेलही तिथेच घडला आणि पुढे बव्हेरियातल्या फ्लॉसेनबुर्गला स्थायिक झाला. (इतिहास वाचणाऱ्यांना हे गाव तिथल्या नाझी छळछावणीमुळे ठाऊक असेल. एवढ्याशा गावाची अशी दोन टोकांची ओळख असावी, याचे मला दर वेळी नवल वाटते.)

आता कामगिरी पाहा. २०१२-१३ पासून २०१६-१७ पर्यंत सलग पाच हंगाम विश्वचषकाचे एकूण विजेतेपद त्याच्याकडे होते. विश्वचषकाच्या ४३ वैयक्तिक स्पर्धा त्याने जिंकल्या. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांमध्ये वैयक्तिक आणि सांघिक मिळून सात सुवर्णपदके, त्यांतले पहिले २०११ मध्ये ऑस्लोला. ऑलिंपिकची सात पदके, त्यांत तीन सुवर्ण: २०१४ मध्ये सोची येथे नॉर्मल हिलचे (उडीची लहान टेकडी; मोठी ती लार्ज हिल), २०१८ मध्ये प्योंगचांगला पुन्हा त्याच प्रकाराचे आणि तिथेच संघाचेही. वेलिंगनंतर वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण राखून दाखवणारा तो पहिलाच.

मला त्याचा सर्वांत आवडलेला विजय प्योंगचांगचा. त्या हिवाळ्यात तो फॉर्मात नव्हता आणि जपानचा अकितो वाताबे जोरात होता. वर्षानुवर्षे स्वतःकडे राखलेली झेफेल्डची तीन दिवसांची मालिकाही फ्रेन्त्सेलने नुकतीच वाताबेला गमावली होती. १४ फेब्रुवारीला उडीनंतर तो पाचवा होता आणि आघाडीच्या ऑस्ट्रियन खेळाडूपेक्षा अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे होता. शर्यतीत पुढचे पाचसहा जण हळूहळू एकत्र आले आणि शेवटच्या फेरीपर्यंत एकमेकांच्या आडोशाने चालत राहिले. शेवटच्या चढावर मात्र फ्रेन्त्सेलने असा वेग घेतला की वाताबेला त्याच्या पाठीचा आडोसाही मिळाला नाही. आमच्याकडे तेव्हा सकाळ होती. कचेरीच्या उपाहारगृहातल्या टीव्हीसमोर पंधरावीस जण हातात कॉफीचे कप घेऊन उभे होते, पण त्या चढावर कोणीही कप तोंडाला लावला नाही. अंतिम रेषा पार झाल्यावर एका तरुण सहकाऱ्याने शेजारच्याला विचारले, "हा फ्रेन्त्सेल उडीवाला की धावणारा?" हा प्रश्न केमनिट्समध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगावापासून तासाभराच्या अंतरावर विचारला गेला, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

गोलंदाज_कराडकर

लेख माहितीपूर्ण आहे, धन्यवाद. क्रिकेटमध्ये अष्टपैलू खेळाडू नेहमीच लाडका असतो, कारण तो एकाच सामन्यात दोन्ही कामे करताना दिसतो. इथे मात्र अष्टपैलू असणे हेच मुळात बंधनकारक आहे, त्यामुळे त्याचे अप्रूप राहत नसावे. एक बाळबोध प्रश्न विचारतो: उडीचे गुण आणि शर्यतीची वेळ या दोन गोष्टींची बेरीज कशी करतात? एक मीटरमध्ये मोजली जाते आणि दुसरी मिनिटांत.

हिमवाट (केमनिट्स)

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. या खेळाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे त्रांगडे तेच होते. जुन्या पद्धतीत शर्यतीच्या वेळेचे कोष्टकावरून गुणांत रूपांतर करत असत, त्यामुळे अंतिम रेषा आधी ओलांडणारा जिंकलाच असे नव्हते आणि प्रेक्षकांना आकडेमोड होईपर्यंत थंडीत उभे राहावे लागे. गुंडर गुंडरसेन या नॉर्वेच्या माणसाने हे उलटे केले. त्याच्या पद्धतीत उडीच्या गुणांतला फरक वेळेत बदलतात: १५ गुणांना एक मिनिट, म्हणजे एका गुणाला चार सेकंद. उडीत पहिला आलेला सर्वांत आधी निघतो, बाकीचे आपापल्या फरकाने त्याच्यामागून सुटतात आणि शेवटी जो पहिला रेषा ओलांडेल तो जिंकला.

सोचीचे उदाहरण घ्या. फ्रेन्त्सेलने १०३ मीटरची उडी मारून पहिला क्रमांक घेतला, पण वाताबेपेक्षा त्याचे गुण फक्त दीड जास्त होते. दीड गुणाचे झाले सहा सेकंद. नॉर्मल हिलवर एका मीटरला दोन गुण, म्हणजे आठ सेकंद मिळतात. यावरून टेकडीच्या कडेवर पाय किंचित लवकर झटकला गेला तर पुढे १० किलोमीटर किती महागात पडते, याचा अंदाज येईल. तिथे फ्रेन्त्सेल आणि वाताबे जवळजवळ पूर्ण शर्यत एकमेकांना आळीपाळीने पुढे जाऊ देत चालले आणि निकाल शेवटच्या काही शे मीटरमध्ये लागला.

खेळाडूच्या शरीराचाही असाच पेच असतो. ताशी ९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने टेकडी सोडताना अंगावरचा प्रत्येक किलो नकोसा असतो, कारण हलके शरीर हवेत जास्त तरंगते. त्याच दिवशी चढावर मात्र खांदे, मांड्या आणि फुप्फुसे हवी असतात, आणि ती हवेतून येत नाहीत. उन्हाळ्यात हे खेळाडू पाणी शिंपडलेल्या प्लॅस्टिकच्या चटयांवर उडीचा सराव करतात आणि डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की घालून धावतात. दोन्ही सरावांत एक वाढवायला गेले की दुसरे बिघडते. सलग पाच वर्षे हा तोल सांभाळणे मला त्या सात सुवर्णपदकांपेक्षा मोठे वाटते.

जुना_वाचक

धागाकर्त्यांच्या शीर्षकातल्या प्रश्नाशी मी पूर्ण सहमत नाही. हा खेळ जर्मनीत कायमच दुय्यम होता असे मानणे चुकीचे ठरेल. गेओर्ग टोमाचे नाव आजही वयस्कर जर्मन माणसांच्या तोंडी असते. ब्लॅक फॉरेस्टमधल्या हिंटरत्सार्टनचा हा टपालवाला १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅलीला गेला आणि सुवर्णपदक घेऊन परतला. त्यापूर्वीच्या सर्व ऑलिंपिकमध्ये हे पदक नॉर्वेकडेच गेले होते, अपवाद फक्त १९४८ चा, तेव्हा ते फिनलंडने नेले. मध्य युरोपातल्या माणसाने नॉर्डिक लोकांचा खेळ जिंकणे हे तेव्हा कुणाच्या कल्पनेत बसणारे नव्हते. त्याच वर्षी जर्मनीने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडले आणि पुढे नॉर्वेने होल्मेनकोलेन पदक देऊन त्याचा गौरव केला.

टोमाची लोकप्रियता त्याच्या एका सुवर्णावर उभी राहिली, कारण त्यात गोष्ट होती: टपालाची पिशवी, बर्फातली शेते, अनपेक्षित विजय. फ्रेन्त्सेलच्या बाबतीत तो जिंकणारच हे लोकांनी गृहीत धरले होते. सातत्याने जिंकणाऱ्याविषयी लोकांना आदर वाटतो. जवळीक वाटतेच असे नाही.

केतकी_स्टुटगार्ट

दोघांनाही थोडा विरोध करते. प्योंगचांगच्या उद्घाटनात जर्मनीचा ध्वज फ्रेन्त्सेलच्या हातात होता, हे इथे अजून कोणी लिहिलेले नाही. त्या वर्षी ध्वजवाहक नेहमीप्रमाणे पदाधिकाऱ्यांनी नेमला नव्हता. पाच जणांची नावे पुढे ठेवून मतदान घेतले गेले, त्यात निम्मे वजन संघातल्या खेळाडूंच्या मतांना होते आणि निम्मे चाहत्यांच्या मतांना. स्पीड स्केटिंगची क्लाउडिया पेखश्टाइन आणि ल्यूजची नाताली गाइझेनबेर्गर यांच्यासारखी मोठी नावे समोर असताना तो निवडून आला. ज्याला लोक ओळखत नाहीत त्याला हे जमेल का?

दुसरे असे की या खेळाची लोकप्रियता टीव्हीच्या आकड्यांत शोधू नये, गावांत शोधावी. मी नवऱ्याबरोबर एकदा शोनाखला ब्लॅक फॉरेस्ट चषक पाहायला गेले होते. ही स्पर्धा १९६७ पासून भरते आणि गाव इतके लहान आहे की कुक्कू घड्याळांपलीकडे ते फारसे कोणाला माहीत नसते. टेकडीखाली उभे राहिले की खेळाडू दिसण्याआधी ऐकू येतो: आधी खोबणीतून येणाऱ्या स्कीची घरघर, मग कडेवर एकदम शांतता, आणि मग आपल्या डोक्यावरून कापड फडफडावे तसा आवाज. उडी झाल्यावर तीच गर्दी गळ्यातल्या गाईच्या घंटा वाजवत शर्यतीच्या मार्गाकडे चालत गेली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींकडे कागदावर छापलेली उडीची यादी होती आणि प्रत्येक खेळाडू किती सेकंदांनी सुटणार हे त्या पेन्सिलीने लिहून ठेवत होत्या. अर्धा खेळ पाहणारे प्रेक्षक असतील, पण त्या आजी त्यांतल्या नव्हत्या.

गोलंदाज_कराडकर

ध्वजवाहकाची माहिती नवीन आहे. मग जर्मनीतील वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा सन्मानही त्याला मिळाला असणारच? सलग पाच विश्वचषक म्हणजे काही थोडे नव्हे. वाचल्याचे अंधूक आठवते की २०१७ साली तो नॉर्डिक कम्बाइंडच्याच खेळाडूला मिळाला.

हिमवाट (केमनिट्स)

आठवण बरोबर आहे, पण माणूस दुसरा. २०१७ चा तो सन्मान योहानेस रिड्झेकला मिळाला. हा ओबरस्टडॉर्फचा, फ्रेन्त्सेलपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्या वर्षी लाहटीच्या जागतिक स्पर्धेत चारच्या चार सुवर्णपदके त्याने जिंकली, त्यांतली सांघिक दोन फ्रेन्त्सेलच्या साथीने. नॉर्मल हिलच्या शर्यतीत तर पहिला रिड्झेक, दुसरा फ्रेन्त्सेल आणि तिसरा ब्यॉर्न किर्खआइझेन, असे तिन्ही जर्मन. त्याच हंगामाचा विश्वचषक मात्र फ्रेन्त्सेलने रिड्झेकला मागे टाकून पटकावला. म्हणजे हिवाळाभर सातत्याने पुढे राहिला एक आणि देशाच्या लक्षात राहिला दुसरा. जुना_वाचक यांचा गोष्टीचा मुद्दा इथे लागू पडतो: दहा दिवसांत चार सुवर्ण ही सांगण्याजोगी गोष्ट आहे, पाच हिवाळ्यांची बेरीज ही नाही.

केतकीताईंचा ध्वजाचा मुद्दा मान्य. माझ्याकडून ते राहून गेले, ही चूकच.

अवंती_प

मी हा खेळ फारसा पाहत नाही, पण त्याच्या ऑलिंपिकमधल्या स्थानाविषयी वाचत आले आहे आणि मला वाटते की या धाग्यातला सर्वांत कडू मुद्दा अजून बाहेरच आहे. १९२४ पासून प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये असलेला हा खेळ आज तिथून बाहेर जाण्याच्या उंबरठ्यावर आहे. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२६ साठी स्त्रियांचा नॉर्डिक कम्बाइंड नाकारला आणि पुरुषांच्या स्पर्धेचे पुढचे भवितव्यही सुधारणेवर अवलंबून ठेवले. कारणे दोन दिली होती: प्रेक्षकसंख्या सर्वांत कमी, आणि मागच्या तीन ऑलिंपिकमधली २७ पदके फक्त चार देशांनी वाटून घेतलेली.

मी निकाल काढून ती २७ पदके मोजली. जर्मनीची दहा, नॉर्वेची नऊ, ऑस्ट्रिया आणि जपानची चार-चार. दहापैकी सहा पदकांवर फ्रेन्त्सेलचे नाव आहे, सांघिक धरून. प्योंगचांगला लार्ज हिलवर रिड्झेक, फाबियान रीसले आणि फ्रेन्त्सेल असे तिघे जर्मन एका ओळीत उभे राहिले तेव्हा जर्मनीत आनंदाला उधाण आले असेल, पण तोच फोटो पुढे खेळाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

याचा फटका कोणाला बसला? ज्यांनी एकही पदक जिंकले नव्हते त्यांना, म्हणजे स्त्रियांना. त्यांचा विश्वचषक २०२० च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पहिली जागतिक स्पर्धा २०२१ मध्ये ओबरस्टडॉर्फला झाली. पुढे शर्यतीच्या आरंभरेषेवर स्कीच्या दोन काठ्या वर धरून त्यांची फुली करत या मुलींनी निषेध नोंदवला. आज हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना जागा नसलेला हा एकमेव खेळ आहे. जर्मनीच्या नाताली आर्मब्रुस्टरने २०२४-२५ चा विश्वचषक जिंकला आणि २०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिंपिकला तिच्यासाठी स्पर्धाच नव्हती.

जुना_वाचक

आकडे मांडल्याबद्दल आभार, पण जिंकणाऱ्यांवर त्याची जबाबदारी टाकणे मला रुचत नाही. फ्रेन्त्सेलने कमी जिंकले असते तर ती पदके बहुधा नॉर्वेकडे गेली असती, पोलंड किंवा कझाकस्तानकडे नव्हे. हा खेळ पसरत नाही याचे कारण खर्च आहे. उडीची टेकडी, तिची देखभाल, शर्यतीचा मार्ग आणि दोन्हींचे प्रशिक्षक एकाच जागी जमवायचे म्हणजे ओबरव्हीझेनटाल किंवा ओबरस्टडॉर्फसारखे गाव उभे करणे, आणि असे गाव उभे राहायला दोन पिढ्या लागतात. स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपला राग रास्तच आहे. प्रेक्षक नाहीत म्हणून संधी नाही आणि संधी नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, हे चक्र समितीच तोडू शकत होती.

अवंती_प

जबाबदारी टाकत नाही, विचित्र योगायोग दाखवते आहे. खर्चाचा मुद्दा पटला.

हिमवाट (केमनिट्स)

अवंतीताईंच्या प्रतिसादाने धाग्याचा रोख बदलला आणि ते बरेच झाले, कारण मी लोकप्रियतेचा विचार फक्त रस्त्यावर ओळखले जाण्यापुरता करत होतो.

त्या २७ पदकांतले एक बीजिंगचे आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२२ मध्ये तिथे पोहोचताच फ्रेन्त्सेलची कोविडची चाचणी सकारात्मक आली आणि त्याला विलगीकरणात ठेवण्यात आले. आपला नॉर्मल हिलचा किताब राखायची संधीच त्याला मिळाली नाही. ते सुवर्ण त्याचा तरुण सहकारी व्हिन्त्सेन्त्स गाइगर याने जिंकले. लार्ज हिलची स्पर्धाही हुकली. आठवड्याहून अधिक काळ खोलीत काढल्यावर १७ फेब्रुवारीला त्याला थेट सांघिक स्पर्धेत उतरवले. उडी ठीक झाली. पाच किलोमीटरचा आपला टप्पा त्याने कसाबसा पुरा केला आणि पुढच्याला सोडताच तो बर्फावर कोसळला, बराच वेळ उठला नाही. जर्मनीला नॉर्वेच्या मागे रौप्य मिळाले. ज्या माणसाच्या शर्यतीत शेवटचा चढ नेहमी त्याचा असे, त्याला तिथे पाय ओढत येताना पाहणे कठीण गेले. त्याच स्पर्धांत नॉर्वेचा यार्ल मागनुस रिबर विलगीकरणातून सुटून लार्ज हिलवर उडीत पहिला आला आणि पहिल्या फेरीच्या शेवटी चुकीच्या वाटेला लागला, हेही आठवते.

२०२३ मध्ये फ्रेन्त्सेल निवृत्त झाला. हेर्मान वाइनबुख १९९६ पासून जर्मन संघाचे प्रशिक्षक होते. ते पायउतार झाल्यावर ती जागा फ्रेन्त्सेलकडे आली, म्हणजे कालपर्यंतच्या सहकाऱ्यांना शिकवण्याची वेळ. २०२४-२५ चा विश्वचषक गाइगरने जिंकला. फ्रेन्त्सेलच्या २०१७ च्या विजेतेपदानंतर तो जर्मनीकडे पहिल्यांदाच आला.

गोलंदाज_कराडकर

माझी मुलगी सप्टेंबरपासून फ्रायबुर्गला शिकायला जाते आहे. शोनाख तिथून फार लांब नाही असे नकाशावर दिसते. स्पर्धा पाहायची झाल्यास तिने कुठे उभे राहावे?

केतकी_स्टुटगार्ट

उडीच्या वेळी टेकडीच्या अगदी पायथ्याशी राहू नये, तिथून फक्त थांबणारे खेळाडू दिसतात. बाजूने थोडे वर चढून जिथे बहुतेक जण जमिनीला टेकतात त्या उंचीवर उभे राहावे. उतरताना एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवलेला दिसला की ते टेलेमार्क, त्यालाही पंच गुण देतात. शर्यतीला मात्र अंतिम रेषा सोडून सर्वांत उभा चढ शोधावा. मार्ग अडीच किलोमीटरचा असतो, त्यामुळे १० किलोमीटरमध्ये सगळे चार वेळा समोरून जातात आणि प्रत्येक वेळी क्रम बदललेला असतो. उडीची यादी मिळाली तर घ्यावी आणि पेन ऐवजी पेन्सिल न्यावी, थंडीत शाई गोठते. मोज्यांचे दोन जोड घालायला सांगा.

हिमवाट (केमनिट्स)

आणि मधल्या काही तासांत परतीची गाडी पकडू नये, एवढेच सांगा तिला.